शुद्धलेखनाचे दहा गुण

कथास्पर्धेच्या परीक्षकाला आयोजकांकडून गुणांचा तक्ता येतो. कथाबीज, पात्रे, संवाद, भाषाशैली असे रकाने आखलेले असतात आणि अगदी उजवीकडे लिहिलेले असते, 'शुद्धलेखन व व्याकरण : १० गुण'. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ग्रंथालयासाठी मी बरीच वर्षे हे काम करते आहे. त्याआधीचे माझे सगळे आयुष्य पुण्यात मुद्रितशोधनात गेले. आधी खिळ्यांच्या छापखान्यांत आणि नंतर दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत. ह्रस्व-दीर्घावर माझे घर चालले आहे, त्यामुळे त्यांची किंमत मला पुरती ठाऊक आहे. तरीही हा उजवीकडचा रकाना कथास्पर्धेत नसावा असे माझे ठाम मत आहे, आणि मराठी छपाईचा इतिहास जसजसा वाचत गेले तसतसे ते पक्के होत गेले.

छापखाना येण्यापूर्वी मराठीचा रोजचा व्यवहार मोडीत चाले. पत्रे, हिशेब, निवाडे, बखरी, सगळे मोडीत. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद लिहिताना कोणी पाळत नसे. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची आणि पूर्णविराम देण्याचीही पद्धत नव्हती. वाचणारा संदर्भावरून अर्थ लावी आणि तो बरोबर लागे; राज्ये त्यावर चालली. बाळबोध लिपी पोथ्यांपुरती होती, आणि पोथ्यांतही लेखनिक बदलला की रूपे बदलत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठ शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. मराठीतले हे सर्वांत मोठे मुद्रितशोधन छपाईच्या कितीतरी आधी झाले, आणि ते कवीने केले नाही. कवीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी दुसऱ्याच एका माणसाने केले.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरात छापले गेले, मोल्सवर्थचा कोश १८३१ साली मुंबईत आला, आणि १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर या बावीस वर्षांच्या तरुणाने 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापले. मोल्सवर्थचे सहकारी मेजर कँडी पुढे सरकारी मराठी पुस्तकांची भाषा तपासू लागले. स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. आज कथाकार ज्या खुणांनी संवाद उभा करतो, त्या तेव्हा नव्याने आलेल्या होत्या. या सगळ्या खटाटोपाचे कारण शाळा होती. हजारो मुलांना एकच पुस्तक शिकवायचे आणि त्यांची परीक्षा घ्यायची तर मोजपट्टी एकच हवी. शाळेसाठी ती योग्यच होती, याबद्दल माझे दुमत नाही. पण पुढे जिथे जिथे बक्षीस आले तिथे तिथे ती शाळेतून उचलून नेली गेली.

मराठी ग्रंथांना पैशाच्या रूपाने बक्षीस देण्याची रीत रुळली ती दक्षिणा फंडातून. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ती काही काळ चालू ठेवली आणि हळूहळू कमी केली. यातला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, असा अर्ज १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी केला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्यांच्यात होते. त्यातून दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. पंक्तीला बसण्याचा मान जन्माने मिळे, तो आता लिहिण्याने मिळणार होता. मराठीच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे.

याच कमिटीपुढे १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक ठेवले. कुणबी जोडपे, त्यांना नाडणारा जोशी आणि मधे बोलणारा विदूषक, अशी ती मांडणी. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे फुल्यांनी 'गुलामगिरी'त स्वतःच सांगितले आहे. तो नकार व्याकरणाचा नव्हता; नाटक ज्यांच्याविरुद्ध बोलत होते त्यांच्याच हाती निवड होती. व्याकरण आले ते वीसेक वर्षांनी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली आणि तिच्यात फुल्यांच्या लिखाणाचा समाचार घेतला, तेव्हा त्यांच्या भाषेतल्या आणि व्याकरणातल्या चुकांवर कडक शब्दांत बोट ठेवले. शास्त्रीबोवांचे गद्य मला आवडते. मराठी वाक्य किती ताणता येते आणि तरी तुटत नाही, हे त्यांनी दाखवले. पण फुले काय म्हणत होते याचे उत्तर व्याकरणात नव्हते आणि शास्त्रीबोवांनी ते तिथे शोधले, हे वाचताना मला आजही वाईट वाटते. 'तृतीय रत्न' छापून लोकांपुढे आले ते १९७९ साली.

आता ज्या मोजपट्टीने हे माप घेतले, तिचे पुढे काय झाले ते पाहू. चिपळूणकरांच्या काळी 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांटा' असे लिहीत. 'नाम', 'ग्राम', 'पञ्च', 'कण्टक' या मूळ शब्दांतले अनुनासिक म्हणून डोक्यावर टिंब. नपुंसकलिंगी अनेकवचन 'घरें', तृतीया 'त्यानें', सप्तमी 'घरांत'. हरिभाऊ आपट्यांच्या गाजलेल्या कादंबरीच्या नावातही 'लक्षांत' असे टिंब होते. जे अनुस्वार उच्चारात उरलेच नाहीत ते लिहायचे कशाला, हा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेटला. काशिनाथ नारायण साने आणि त्यांचे सहकारी सुधारणेच्या बाजूने उभे राहिले, टिळकांनी १९०४ च्या सुमारास 'केसरी'तून त्यावर लिहिले. वाद पुढे साहित्य संमेलनांतून, मंडळांतून, शाळाखात्यातून चालत राहिला. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, त्याने केलेले चौदा नियम राज्य सरकारने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. आजचे शुद्धलेखन म्हणजे हे अठरा नियम.

त्यांतला एक नियम मी नव्या परीक्षकांना आवर्जून दाखवते. केशवसुतांच्या आधीची कविता आणि चिपळूणकरांच्या आधीचे गद्य यांतले उतारे छापताना ते मुळाप्रमाणे ठेवावेत, पण केशवसुत आणि चिपळूणकर यांच्यापासून पुढचे सगळे लेखन नव्या नियमांप्रमाणे बदलून छापावे, असे तो सांगतो. म्हणजे खुद्द निबंधमालेची पाने आज छापताना त्यांवरची टिंबे पुसली जातात. तेव्हाचे शुद्ध पान आजच्या तक्त्याने तपासले तर पहिल्या परिच्छेदातच दहाचे शून्य होईल. निबंध मात्र तोच राहतो, त्याचा जोरही तोच राहतो. लेखनाचे जे अंग बदलले तरी लेखन बदलत नाही, त्यावरून लेखकाचा क्रम लावायचा का, हा माझा प्रश्न आहे.

याच नियमावलीत लेखकाला दोन सवलती आहेत आणि त्या देणाऱ्यांना लेखन कळत होते हे त्यांवरून दिसते. पात्राच्या तोंडचे बोलणे असेल तर 'केलं', 'म्हटलं' अशी उच्चारानुसार रूपे चालतात. आणि पद्यात वृत्त सांभाळताना ह्रस्व-दीर्घ पाळणे शक्य नसेल तर तेवढ्यापुरते कवीला स्वातंत्र्य आहे. स्पर्धांचे तक्ते आखणाऱ्यांनी नियम घेतले, सवलती घेतल्याच नाहीत.

माझ्या धंद्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वाचकाला तो दिसत नाही. खिळ्यांच्या छपाईत कंपोझिटर केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवी, ओळी गॅलीवर मांडून दोऱ्याने बांधी, त्यांवरून रूळ फिरवून प्रूफ काढी. ते ओले प्रूफ माझ्या टेबलावर येई. डाव्या हाताला लेखकाची मूळ प्रत, उजव्या हाताला प्रूफ. कंपोझिटरच्या चुका सुधारणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे म्हणजे लेखकाच्या चुका सुधारणे, आणि ते काम कोणी बोलून दाखवत नसे. ह्रस्व वेलांटीचा खिळा अक्षराच्या आधी बसतो आणि दीर्घ वेलांटीचा नंतर, त्यामुळे 'गरीबाला'चे 'गरिबाला' करायचे तरी कंपोझिटरला ती ओळ उकलून पुन्हा बसवावी लागे. तो मान वर न करता म्हणे, "बाई, लेखकाला शाळेत घाला." छापताना मात्रा उडे, अनुस्वार झिजून जाई, तेही पाहावे लागे. नावाजलेल्या लेखकांच्या हस्तलिखितांत एकाच पानावर 'मी' आणि 'मि' पाहिले आहे, 'आणि'ला दीर्घ वेलांटी पाहिली आहे, स्वल्पविराम नसलेली आख्खी पाने पाहिली आहेत. अंक हातात घेणाऱ्या वाचकाने त्यांतले काहीच पाहिले नाही. त्याला वाटले, मोठा लेखक असाच लिहितो.

मराठी पुस्तक हे असे नेहमीच दोघातिघांनी मिळून शुद्ध होत आले आहे. मोल्सवर्थच्या कोशामागे पुण्या-मुंबईचे शास्त्री होते. १८६९ साली जावजी दादाजींनी उभ्या केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या पुस्तकांच्या शुद्धतेचे आजही नाव घेतात, त्यामागे तिथे बसणारे पंडित होते. 'सत्यकथा' मासिकात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर लेखकाशी किती बारकाईने बोलत, हे त्या पिढीच्या कितीतरी लेखकांनी लिहून ठेवले आहे. पण त्यांचे बोलणे वेलांटीबद्दल नसे. वेलांटी दुसऱ्याला बदलता येते. त्यांचे बोलणे जे दुसऱ्याला बदलता येत नाही त्याबद्दल असे.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जळगावकडच्या बोलीत त्या ओव्या रचत, त्या घरातल्यांनी उतरून घेतल्या. १९५१ साली बाई गेल्या आणि १९५२ साली मुलगा सोपानदेव यांच्या प्रयत्नाने आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने पुस्तक निघाले. त्या पुस्तकातली एकही वेलांटी बहिणाबाईंची नाही. कविता सगळी त्यांची आहे. अण्णा भाऊ साठ्यांना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिथे परीक्षकांपुढे छापील पुस्तक होते, म्हणजे मधल्या माणसाचा हात फिरून गेलेला होता. ग्रंथालयाच्या स्पर्धेला येणारी कथा मात्र एकटी येते. फुलस्केपवर हाताने लिहिलेली किंवा मोबाइलवर टाइप करून पाठवलेली, कोणाचाही हात न फिरलेली. शेवटच्या रकान्यात आपण गुण कापतो ते त्या मुलाजवळ नसलेल्या मुद्रितशोधकाचे कापतो.

आमच्या स्पर्धेत काही वर्षांपूर्वी अक्कलकोट भागातून एका तरुणाची कथा आली. विड्या वळणारी आजी, कारखान्यात निवडताना तिच्या विड्या बाजूला काढल्या जातात त्या दिवशी घरात काय होते, आणि तिच्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी नातू खातो, एवढीच गोष्ट. निवेदन नातवाचे. लेखनाच्या चुका ओळीओळीला. आणि मध्यावर एक वाक्य होते : 'आजीची भाकरी मी खाल्लो.'

माझ्याबरोबरचे परीक्षक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा भागातले, मराठीचा जाणता माणूस. त्यांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली होती.

"बाई, 'खाल्ली' हवं. भाकरी स्त्रीलिंगी. सकर्मक धातू, भूतकाळ, क्रियापद कर्माप्रमाणे चालणार. यात मत कसलं?"

"सर, 'मी पाणी प्यालो' बरोबर की चूक?"

"बरोबर. पिणे, शिकणे, विसरणे हे धातू वेगळे चालतात."

"मग अक्कलकोटला खाणेही वेगळं चालतं. माझं माहेर तिथलं. 'मी जेवण केलो', 'मी सिनेमा बघितलो' असंच ऐकत मी वाढले. कानडीच्या शेजारात मराठीचा तो नेम आहे, चूक नाही. प्रत्येक जण प्रत्येक वेळी तसंच बोलतो."

सर थांबले. मग जे म्हणाले ते मी विसरलेली नाही. "ते खरं असेल. पण हा मुलगा उद्या नोकरीच्या परीक्षेला बसेल. तिथं तुमच्यासारखं ऐकून घेणारं कोणी नसेल. आपण आज गुण कापले नाहीत तर त्याला कोण सांगणार?"

त्या मुलाला सांगायला हवे, यात सरांचे शंभर टक्के बरोबर आहे. पण सांगण्यासाठी कथेच्या समासात पेन्सिल आहे, सोबत जोडायचे पत्र आहे. बक्षीस हा सांगण्याचा मार्ग नव्हे. त्या वर्षी पहिले बक्षीस गेले ते ज्या कथेत एकही वेलांटी चुकली नव्हती त्या कथेला. तिच्यातले आजोबा, सून, पाऊस सगळे दहा दिवाळी अंकांतून आलेले होते. विडी वळणारी आजी उत्तेजनार्थ राहिली. बेरीज करून पाहिली तेव्हा दोन्हींतला फरक शेवटच्या रकान्याएवढाच होता.

लेखनाला काहीच महत्त्व नाही, असे कोणी यावरून समजू नये. मला ते सहन होणार नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, 'सलिल' पाणी आणि 'सलील' लीलेने. अशा जागी वेलांटी चुकली तर अर्थच पडतो, आणि वाचक अडखळला तर ते कथेचे नुकसान आहे. गझलेत लघु-गुरू हलले तर ओळ लंगडते, ते परीक्षकाच्या कानाने टिपलेच पाहिजे. अवतरणचिन्हे नसल्याने कोण बोलते आहे ते कळेना, पहिल्या पानावरची सुमन चौथ्या पानावर सुनंदा झाली, काळ बदलला तरी क्रियापद बदलले नाही, हे सगळे मी कडकपणे मोजते, पण कथनाच्या रकान्यात मोजते. सगळी पात्रे 'पाणी' म्हणत असताना एकाच्याच तोंडी 'पानी' येत असेल, तर तो लेखकाचा कान आहे. कुठे 'पानी', कुठे 'पाणी' असे वाऱ्यावर येत असेल तर ते दुर्लक्ष आहे. हा फरक ओळखता येत नसेल तर माणसाने परीक्षक होऊ नये. गुणांचा तक्ता तो ओळखू शकत नाही. तक्ता दोन्हींना अर्धा अर्धा गुण कापतो.

आता काळ आणखी बदलला आहे. कथा ईमेलने येतात, फोनचा कळफलक स्वतःच शब्द सुचवतो आणि चुकीचा बसवून टाकतो. अंकांच्या कचेऱ्यांतून मुद्रितशोधकाचे टेबल उठले. लेखक लिहितो आणि थेट छापतो. मधला माणूसच गेला, मग लेखकानेच शुद्ध लिहायला नको का, असे मला तरुण संपादक विचारतात. लिहावे, जरूर लिहावे. मो. रा. वाळंब्यांची पुस्तके, अरुण फडक्यांचा लेखनकोश त्यासाठीच आहेत. पण ज्याच्या घरात आजी विड्या वळते त्याच्या घरात कोश नसतो. तो ग्रंथालयात असतो, आणि ग्रंथालयच स्पर्धा घेते. तेव्हा मधल्या माणसाची जागा ग्रंथालयाने घ्यावी, एवढे माझे मागणे होते.

गेल्या खेपेला ग्रंथालयाच्या मंडळाने ते मानले. तक्त्यातला उजवीकडचा रकाना काढला. निवड आधी होते. निवडलेल्या कथांचे मुद्रितशोधन सर आणि मी मिळून करतो, दुरुस्त केलेली प्रत लेखकाला दाखवतो, प्रत्येक दुरुस्तीचे कारण समासात लिहितो आणि त्याची संमती घेऊनच कथा स्मरणिकेत छापतो. ज्यांची निवड होत नाही त्यांच्याही प्रती पेन्सिलीच्या खुणांसह परत जातात. हे कलम सरांनी घातले आणि त्याचे सगळे काम तेच करतात. 'खाल्लो' छापताना तसेच ठेवायचे की बदलायचे, यावर मात्र आमचे अजून जमलेले नाही. ते म्हणतात, संवादात ठेवा, निवेदनात 'खाल्ली' करा, नियमही तेच सांगतो. मी म्हणते, निवेदन करणारा नातू अक्कलकोटचा आहे, साताऱ्याचा नाही.